टाकीखालची चटई

“…म्हणजे भंते, छताला ओल आली, तर तिला लगेच गळती म्हणायचं का?”

विचारलं आणि उत्पलाने जीभ चावली. हे विचारायचं नव्हतंच. नुसता अहवाल वाचून दाखवायचा होता आणि निघायचं होतं.

भंते शीलरत्न भिंतीशी चटईवर बसले होते. भोजन आटोपलेलं, पात्र धुऊन पालथं घातलेलं. निम्मा जून सरला तरी बाहेर ऊन रणरणत होतं. तळ्याचं पाणी आटून पार मध्यावर गेलेलं.

“किती ओल?”

“एवढीशी. तळहाताएवढी.”

“केव्हा?”

“परवा, भंते. काल… काल ताटाएवढी होती.”

“आणि आज?”

आज उत्पला तिकडे फिरकलीच नव्हती. सकाळपासून तिने टाकीखालच्या त्या खोलीकडे पाठ करून कामं काढली होती.

विहाराला लागूनच मुलींचं वसतिगृह उभं राहिलं होतं. आसपासच्या खेड्यांत शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर मुलींना रोज जंगलातून पायपीट करावी लागे, म्हणून मग घरचेच शाळा सोडायला लावत. भंतेंनी जागा दिली. नागपूरच्या एका संस्थेने बांधकाम अंगावर घेतलं. आणि त्या संस्थेने साइटवर पाठवली उत्पला रामटेके; नुकतीच इंजिनिअर झालेली, पहिलीच नोकरी, दार जोरात आपटलं तरी दचकणारी.

तिचं मुख्य काम एकच. दर शुक्रवारी प्रगती अहवाल लिहायचा आणि संस्थेच्या सुखदेवे सरांना पाठवायचा. पाया, भिंती, वीज, पाणी. प्रत्येक कामापुढे एक रंग. ठीक असेल तर हिरवा. शंका असेल तर पिवळा. अडलं असेल तर लाल.

लाल तिने कधी लावलाच नव्हता. पिवळा एकदा लावला होता. तेव्हा सरांचा फोन असा काही कडाडला, की तिच्या हातातला चहा निम्मा कपड्यांवर सांडला.

तेव्हापासून सगळं हिरवंगार.

“तुमचा अहवाल उघडला ना उत्पला, की डोळे निवतात,” सर म्हणायचे. तिला बरं वाटायचं. खरं तर जरा जास्तच बरं वाटायचं. कॉलेजच्या मैत्रिणींना ती त्या पानांचे फोटोसुद्धा पाठवायची. बघा गं, रकाने कसे रेघेत आहेत!

भंतेंनी मात्र पहिल्या दिवशीच एक अट घातली होती. नागपूरला जाण्याआधी अहवाल त्यांना वाचून दाखवायचा.

बांधकामातलं त्यांना काही कळत नसे. तसं ते उघड सांगायचे. पण ऐकायचे असे, की उत्पलाने असं ऐकणारं माणूस उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. गावातली म्हातारी सुनेची गाऱ्हाणी घेऊन आली तरी तसेच, तहसीलदार आला तरी तसेच. मध्येच टोकणं नाही, हुंकार नाही. थोड्या वेळाने बोलणाऱ्याला आपलाच आवाज ऐकू यायला लागायचा, आणि मग तो आपण होऊन एकेक वाढवलेली गोष्ट मागे घ्यायचा.

त्यांच्यासमोर बसलं की उत्पलाला कधी एकदा संपतंय असं व्हायचं. आणि उठावंसं मात्र वाटायचं नाही.

“वाच,” भंते म्हणाले.

तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

“भिंतींचा रंग, पूर्ण. हिरवा. वीजजोडणी, पूर्ण. हिरवा. बाहेरची परांची भक्कम, सुरक्षित. हिरवा. संडास-बाथरूम…”

“परांची कुठे आहे?”

उत्पलाने खिडकीतून पाहिलं. बांबू केव्हाच उतरवून ठेकेदाराने दुसऱ्या कामावर नेले होते.

“ते… मागच्या वेळचं तसंच राहिलं, भंते. मी जुनाच अहवाल घेते आणि तारीख बदलते. म्हणजे, बाकीचंही बदलते थोडंफार.”

“भक्कम परांची. काढून नेली तरी हलली नाही.”

ते हसले नाहीत. उत्पलाची कानशिलं तापली.

“पुढे.”

“पाण्याची टाकी. पूर्ण भरून चाचणी…” तिने मोबाइल आणखी जवळ धरला. “समाधानकारक. हिरवा.”

बाहेर कुठेतरी होला घुमत होता, तेवढाच आवाज.

ती शांतता तिला सोसेना.

“मी झाडेंना विचारलं होतं, भंते. सुपरवायझर आहेत ना, ठेकेदाराचे. ते म्हणाले, ‘काहून घाबरता मॅडम? नव्या सिमेंटाले घाम येते.’”

“तुला पटलं?”

“त्यांचा अनुभव मोठा आहे.”

“पटलं का, ते विचारतोय.”

“…मला जे ऐकायचं होतं, ते त्यांनी सांगितलं.”

भंतेंनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला जड गेलं.

“टाकीचं गणित कुणी मांडलं होतं?”

“फुलझेले मॅडमनी. त्या नागपूरला असतात.”

“त्यांना विचारलंस?”

“त्यांना विचारलं असतं तर…” उत्पला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “तर मग लिहावं लागलं असतं, भंते.”

…

“उद्या मुली येणार ना?” भंतेंनी विचारलं.

“हो. सकाळीच गाडी निघणार आहे.”

“झालं वाचून?”

“झालं. पाठवू?”

“तू लिहिलं आहेस. पाठवायचं तूच ठरव.”

तिला वाटलं होतं, ते थांबवतील. रागावतील, निदान मान हलवतील. त्यांनी थांबवलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण ते नुसते बसून राहिले. तिच्या अंगठ्याने सवयीने बटण दाबलं. अहवाल गेला.

लगेच सरांचं उत्तर आलं. उत्तम! आणि पुढे तीन फुलं.

भंते उठले. चटई गुंडाळली, काखेत मारली आणि उन्हात पाऊल टाकलं.

“भंते, कुठे?”

ते वसतिगृहाच्या मोठ्या खोलीकडे चालले होते. उत्पला चपला न घालताच मागे धावली. तळपाय भाजले, तेव्हा तिच्या ते लक्षात आलं.

खोलीत लोखंडी खाटा ओळीने मांडलेल्या होत्या. गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. वर छत, आणि छताच्या वर ती टाकी, काठोकाठ भरलेली.

ओल आता ताटाएवढी राहिली नव्हती. ती पसरत पसरत खाटेएवढी झाली होती, आणि तिच्या कडेने तुळईवर केसासारखी बारीक एक भेग उतरली होती. भेगेच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबत होता. पडत नव्हता, नुसता जड होत होता.

त्याच्याच खाली भंतेंनी दोन खाटांमधली जागा पाहिली, चटई अंथरली आणि मांडी घातली.

“भंते, इथे नको!”

“का?”

“इथे… उकडतंय.”

“विहारापेक्षा गार आहे.”

“ओल आहे, भंते.”

“अहवालात नाही.”

उंबऱ्याच्या बाहेरच उत्पला उभी राहिली होती, आत पाय टाकायचा धीर होत नव्हता.

“अहवालात सगळंच थोडंच लिहितात? तो… तो तर नुसता पाठवायचा असतो!”

“मला बांधकामातलं कळत नाही, उत्पला. तू लिहिलंस. मी बसलो.”

“मी पिवळा करते! आत्ता करते, ही बघा, इथेच उभी राहून करते. तुम्ही उठा ना.”

“पिवळ्यात कसं बसायचं असतं? अर्धं आत, अर्धं बाहेर?”

तिला रडूही आलं आणि हसूही आलं.

थेंब पडला. भंतेंच्या खांद्यावर, चीवरावर. तेवढाच भाग काळपट झाला. त्यांनी तो पुसला नाही. डोळे मिटून घेतले, मान किंचित कलती केली. ऐकायला बसायचे, अगदी तसे.

आजवर तिच्या अहवालावर पुष्कळांनी सह्या केल्या होत्या. छान म्हटलं होतं, फुलं पाठवली होती. पण तिच्या एका ओळीवर कुणी आपलं सगळं वजन टाकलं नव्हतं. असं शांतपणे, असं निर्धास्त… जणू ती ओळ खरी करायची जबाबदारी ज्याची, तो ती पार पाडेलच. भीती होतीच, आणि त्याच वेळी मनात येत होतं, असं एकदा तरी बसता यायला हवं आपल्याला.

तिने झाडेंना फोन लावला. टाकी रिकामी करायच्या व्हॉल्व्हचं चाक त्यांच्याकडे होतं. पोरं खेळतात म्हणून ते काढून घेऊन गेले होते. घंटी वाजत राहिली, वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. मग आठवलं, ते आज पुतणीच्या लग्नात होते. तिथल्या बँडपुढे त्यांना कसला फोन ऐकू येणार!

तिने सुखदेवे सरांना फोन लावला. त्यांनी कट केला. वर निरोप आला. मीटिंगमध्ये आहे. टाकीची चाचणी उत्तम झाली, सगळ्यांना सांगितलं.

राहिलं एकच नाव.

फुलझेले मॅडमच्या नंबरावर तिचा अंगठा अधांतरी राहिला. त्या पहिला प्रश्न काय विचारतील, ते तिला पाठ होतं. ओल कधी दिसली? परवा. मग आज काय पाठवलंत? हिरवा. त्यानंतर त्या काय म्हणतील, सर काय म्हणतील, घरी आईला काय सांगायचं, पुढच्या नोकरीसाठी दारात कोण उभं करील… सगळं एकदमच डोक्यात गलका करायला लागलं.

खट्!

उत्पला केवढ्याने तरी दचकली. हातातला मोबाइल पायरीवर आपटला. तिने आत पाहिलं. भंतेंच्या शेजारच्या खाटेवर गिलाव्याचा एक पोपडा पडला होता. फार मोठा नव्हता. पण ज्या जागी पडला, तिथे उद्या कुणातरी मुलीची उशी असणार होती.

भंतेंचे डोळे मिटलेलेच.

तिने मोबाइल उचलला. काच तडकली होती, नाव वाचता येत होतं. तिने अंगठा दाबला.

घंटी सुरू झाली. भंतेंना हाताला धरून बाहेर ओढावं म्हणून ती आत शिरली… भिक्खूंना असा हात लावायचा नसतो हे तिथे पोचल्यावर आठवलं, आणि ती जागीच थांबली. चटईचं एक टोक रिकामं होतं. ती त्यावरच मटकन बसली.

“उठा ना, भंते,” ती पुटपुटली.

तिने मोबाइल कानाशी घट्ट धरला.

घंटी संपली. कुणी उचलला नाही.

तिने पुन्हा लावला. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान वर गेलीच. खालून ती भेग निराळीच दिसत होती. बाहेरून पाहताना केसासारखी, इथून दोऱ्यासारखी. पाण्याचा पुढचा थेंब तयार होत होता. कुठे भेग सुरू होते, कुठे वळते, कुठे बुडबुड्यासारखा गिलावा फुगलाय, सगळं स्पष्ट दिसत होतं. आजवर तिने छताकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं.

घंटी वाजत होती.

ती मनात वाक्य जुळवू लागली. मॅडम, टाकीच्या चाचणीसंदर्भात काही निरीक्षणं नोंदवायची होती… नको. मॅडम, एक किरकोळ बाब निदर्शनास आली आहे… छे! मॅडम, तसं काळजीचं काही नाही, पण…

थेंब पडला. या खेपेला तिच्या मनगटावर. गार.

तिने हात मागे घेतला नाही.

“हॅलो,” पलीकडून आवाज आला. “फुलझेले बोलतेय. कोण?”

उत्पलाने जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली.

“हॅलो? बोला ना. कोण आहे?”

तिने मोबाइल छातीशी धरला आणि भंतेंकडे वळली.

“काय सांगू, भंते?”

भंतेंनी डोळे उघडले.

“तू कुठे बसली आहेस, ते सांग.”