आबासाहेबांची जीप आणि घमाजी दाजी

घाटाखालच्या एका गावात घमाजी नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. बायको सगुणा म्हणाली, "जरा दाराकडं बघा," की हा दिवस मावळेपर्यंत दाराकडे बघत बसायचा. त्याच दारातून म्हैस निघून गेली, तरी दार जागेवर आहे याचं त्याला समाधान.

अशानं चार कामं गेली. शेवटी सगुणानं त्याला आपल्या भावाच्या, हैबती मिस्त्रीच्या गॅरेजात धाडलं आणि बजावलं, "हे काम टिकवा. न्हाईतर मी ऱ्हाते भावाकडं." घमाजी फार घाबरला. सगुणाशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

पंचाईत मिस्त्रीचीही होती. बहिणीचा नवरा, त्याला रागवायचं कसं? दात आवळून तो नुसतं 'अहो दाजी' म्हणायचा.

गॅरेजात गावच्या बड्या बागायतदाराची, आबासाहेबांची जुनी जीप आली होती. चाळीस वर्षं डोंगर तुडवून थकलेली. तिचं इंजिन गिअरबॉक्ससकट उतरवून नव्यानं बांधायचं होतं.

"दाजी, आधी इंजिनातलं तेल काढा."

घमाजीनं बूच काढलं. तेल भळाभळा जमिनीवर. बघायला आलेला मिस्त्री घसरला आणि तेलातच बसला.

"अहो दाजी, जे काढाल ते डब्यात घालून झाकण लावायचं."

"बरं."

दुपारी रेडिएटर सुटला, पंखा सुटला. निघालेले दीडदोनशे नटबोल्ट घमाजीनं एकाच डब्यात कोंबले आणि झाकण ठोकून बसवलं.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अहो दाजी, आता कुठला नट कुठला? जे काढाल त्याला चिठ्ठी बांधायची. कुठनं काढलं ते लिहायचं."

"हे आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी आबासाहेब आले आणि स्टिअरिंग धरून जीपमध्ये बसले. तासभर झाला, उठेनात. मिस्त्री हळूच म्हणाला, "दाजी, आबासाहेबांना जरा बाहेर काढा. काम खोळंबलंय."

घमाजीनं त्यांना बगलेत धरून उचललं, बाकावर ठेवलं आणि गळ्यात चिठ्ठी बांधली. 'ड्रायव्हरची सीट. जुना माल, जपून.'

आबासाहेब लालबुंद झाले. मिस्त्रीनं त्यांचे पाय धरले, चहा पाजला, आणि ते गेल्यावर म्हणाला, "अहो दाजी, काढायच्या आधी इचारायचं. हो म्हटलं तरच हात लावायचा."

"बरं."

तिसऱ्या दिवशी मिस्त्री सामान आणायला तालुक्याला निघाला. निघताना त्यानं सगळं नीट समजावलं. "इंजिन धरून ठेवणारे चारच नट ऱ्हायल्यात. तेवढे काढा. मग इंजिनाला अडकवलेली कप्पीची साखळी ओढून ते वर घ्या. ते वर गेलं की खाली जे उरंल ते मागं ढकला. हललं न्हाई तर आधी हँडब्रेक बघा. आज एवढं जमलं न्हाई, तर दाजी, मला सगुणाला सांगावं लागंल."

मिस्त्री गेला आणि घमाजीनं पाना उचलला. तो पहिल्या नटाजवळ वाकला. "काढू का?" नट गप्प. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं, चौथ्याला तर 'अहो' लावून विचारलं. एकही हो म्हणेना. मग त्यानं कुणालाच हात लावला नाही. साखळी धरली आणि ओढायला लागला. जड होतं, फारच जड. पण सगुणाची आठवण काढत तो ओढत राहिला.

दुपारी मिस्त्री परतला आणि दारातच उभा राहिला. वर लोखंडी तुळईला इंजिन लटकत होतं. इंजिनाला जीप लटकत होती. अख्खी जीप, तोंड छपराकडं, मागची चाकंसुद्धा हातभर अधांतरी. बाजूला घमाजी पालथा पडून, पाय भिंतीला लावून, दोन्ही हातांनी जमीन ढकलत होता. घामानं नुसता निथळत होता.

मिस्त्रीला बघून त्याचे डोळे भरून आले.

"मिस्त्री, सगुणाला सांगू नका. जमत आलंय बघा. सगळं वर गेलं, खाली एवढी जमीनच उरलीया. फकस्त हिचा हँडब्रेक घावंना."