फौजदाराचा नगारा आणि लठ्ठ जंत

फार पूर्वी, आणि खरं सांगायचं तर आजही, एका मुलीच्या पोटात एक लांबच लांब, वळणावळणांचा बोळ होता. बोळाच्या भिंतींत एक गाव दाटीवाटीने वसलेलं होतं. वरून रोज जेवण यायचं, भिंती आकसून ते पुढे ढकलायच्या आणि गावकरी त्यातला रस टिपून घ्यायचे. थोडा स्वतःला ठेवायचे, बाकीचा मुलीला पाठवायचे. मुलगी धडधाकट तर गाव धडधाकट, असं ते चाललेलं होतं.

गावाला एक फौजदार होता. अंगाने दांडगा, मिशीला पीळ देणारा आणि स्वतःवर भारी खूश. चोर दिसला की गिळायचा, एवढीच त्याची पद्धत. हे चोर म्हणजे धुळीबरोबर येणारे बारीकसारीक जंतू. ते भिंतीच्या फटीत शिरले की फौजदार नगारा वाजवायचा, शिपाई पलिते घेऊन धावायचे, फटी शेकून काढायचे आणि बाहेर पडलेल्या चोरांना फौजदार मटकावून टाकायचा. गावाला नियमही त्यानेच घालून दिला होता, की त्याचा नगारा वाजत असेपर्यंत दुसरी कुठलीही दवंडी पिटायची नाही.

त्याच गावात एक झुबकेवाली राहायची. तिच्या डोक्यावर ताठ केसांचा झुबका होता आणि तो सदा बोळातल्या पाण्यात बुडालेला असायचा. पाण्याची चव तिला त्या झुबक्यानेच कळायची. दिवसभर नुसती पाणी चाखत बसते म्हणून लोक तिची चेष्टा करायचे, आणि त्यांत फौजदार सगळ्यांत पुढे.

एकदा मुलीने मळ्यातलं गाजर उपटलं, फ्रॉकला पुसलं आणि कराकरा खाल्लं. पुसलं म्हणजे धुतलंच, असं तिचं मत होतं. गाजराच्या मातीत जंताचं अंडं होतं. ते पोटात जाऊन फुटलं, आतलं पिल्लू अंगभर भटकून पुन्हा बोळात आलं आणि आयतं जेवण बघून तिथेच मुक्कामाला राहिलं.

झुबकेवालीने फौजदाराला हाक मारली. "फौजदारसाहेब, पाण्याची चव बिघडलीय. हा नेहमीचा चोर नाही. दवंडी पिटून खळवाल्यांना उठवू द्या."

खळवाल्या म्हणजे भिंतींना बुळबुळीत खळ लावणाऱ्या बायका. फौजदार खो खो हसला. "खळ लावून कुणी लढाई जिंकलीय का बाई? तुम्ही पाणी चाखा. चोराचं मी बघतो."

तो ऐटीत गेला, जबडा उघडला आणि तसाच थांबला. तोवर जंत खाऊन खाऊन एवढा लठ्ठ झाला होता, की त्याच्या शेपटीचं टोकसुद्धा फौजदाराच्या तोंडात मावेना. मागे सगळे शिपाई बघत होते. फौजदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि लाज लपवायला त्याने नगारा बडवायला घेतला.

पलिते पेटले. जंताची कातडी जाड, त्याला फारसं काहीच होईना. भिंती मात्र भाजून निघाल्या. घरं ढासळली, रस टिपायला माणसं उरेनात. तिकडे मुलगी पोट धरून निजली, तिचे गाल बसले.

"चालू द्या तुमचं," जंत जेवता जेवता म्हणाला. "मला काही घाई नाही."

फौजदाराने आणखी जोरात नगारा बडवला. तेवढ्यात एक खळवाली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचं घर जळालं होतं.

"साहेब, जंताने माझी भिंत कुरतडली नव्हती," ती म्हणाली. "तुमच्या पलित्याने गेली."

फौजदाराचा हात हवेतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या नगाऱ्याची भीती वाटली.

"पण मी थांबलो, तर लोक म्हणतील फौजदार हरला," तो हळूच झुबकेवालीला म्हणाला.

"म्हणू देत की. म्हणायला लोक तरी उरतील."

फौजदाराने टिपरू खाली ठेवलं आणि शिपायांना पलिते विझवायला सांगितले. नगारा थांबला, तशी झुबकेवालीची दवंडी पहिल्यांदा गावभर ऐकू गेली. घराघरांतून खळवाल्या निघाल्या, काल ज्या खळवाल्या नव्हत्या त्याही कंबर बांधून उभ्या राहिल्या. त्यांनी भिंती अशा बुळबुळीत केल्या, की जंताला अंग टेकायला जागा मिळेना. भिंतींतून पाणी सुटलं. मग सगळा बोळ एकदम आकसला, सैल पडला, पुन्हा आकसला. जंत धरायला बघायचा आणि घसरायचा. "अहो, जेवण तरी होऊ द्या!" असं ओरडतच तो वळणामागून वळण घरंगळत गेला. मुलगी परसाकडे जाऊन आली, तेव्हा तो तिच्या पोटात नव्हता.

"मेला का?" फौजदाराने विचारलं.

"काय माहीत," झुबकेवाली म्हणाली. "इथे नाही, एवढं खरं."

मग फौजदाराने थापी मागवली, शिपायांनाही एकेक दिली आणि भाजलेल्या भिंती लिंपायला बसला. सगळ्यांत आधी त्याने त्या खळवालीचं घर उभं केलं. हात चांगला होता त्याचा, इतकी वर्षं कुणाला ठाऊकच नव्हतं.

मुलीचे गाल पुन्हा भरले. आईचा धपाटा खाल्ल्यावर ती गाजरंही धुवायला लागली. बारीकसारीक चोर मात्र येतच राहिले आणि त्यांच्यासाठी फौजदार अजूनही नगारा वाजवतो. फक्त टिपरू उचलण्याआधी तो झुबकेवालीच्या दाराशी जातो, मिशी आवरून उभा राहतो आणि विचारतो, "बाई, आज चव कशी आहे?"

तात्पर्य: आपल्याला जे हत्यार चालवता येतं, त्याने प्रत्येक शत्रू हटत नाही. काहींना मारायच्या नादात आपलंच घर जळतं. त्यांना पाय रोवायला जागा दिली नाही, तरी पुरे होतं.