दोनच हाका

एक होतं गाव. राजा नव्हता तिथं, राणी नव्हती, हत्ती तर मुळीच नव्हता. हसतोस काय रे बंडू? दर गोष्टीत हत्ती कुठून आणू? तिथं होती खाडी. खाडीच्या काठाला कुडाची घरं. ओहोटी लागली की पाणी मागं जायचं आणि खालचा चिखल उघडा पडायचा. लांबच लांब, काळा, मऊ. बायका टोपल्या घेऊन त्यात शिंपले वेचायला जायच्या.

त्या चिखलात कुणीतरी राहायचं, बरं का. कोण, ते कुणी पाहिलं नव्हतं. गावात तिचं नाव घेत नसत, नुसतं 'खालची' म्हणत, तेही हळू आवाजात. खालची काय करायची? हाक मारायची. तुमच्या नावानं, तुमच्याच ओळखीच्या आवाजात. तुम्ही ओ दिलीत की पाय आपोआप चिखलाकडे वळायचे. मग माणूस काही दिसायचं नाही. नुसती टोपली दिसायची.

म्हणून गावाचा एक नेम होता. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तरच द्यायची. जितं माणूस तीनदा हाक मारतं, खालचीला तेवढा धीर नसतो, असं म्हातारे सांगायचे. कशावरून, असं कुणी विचारलं, तर म्हणायचे, गप बस.

त्या गावात येसू नावाची मुलगी होती. नुसती भित्री भागूबाई. ढग गडगडले की मडक्यांच्या उतरंडीमागं लपायची. बाप मचव्यावर दूर दर्यात गेलेला. गावातले सगळेच बाप्ये गेले होते. मागं उरल्या बायका, पोरं आणि धाकू तांडेल नावाचा एक म्हातारा, ज्याला होडीत चढायलासुद्धा दोघांचा हात लागायचा.

एकदा काय झालं, थंडीच्या दिवसांत सकाळ झाली, पण झालीय हे कुणाला कळेचना, एवढं धुकं पडलं. बाकीच्या बायका धुकं बघून माघारी फिरल्या. येसूची आई रखमा म्हणाली, "मी कडंकडंनं वेचते. तू पेज टाक चुलीवर." येसूनं पेज टाकली. पेज शिजली, निवली, तिच्यावर साय धरली. आई आली नाही.

मग धुक्यातून हाक आली. "येसूऽऽ गो..."

घरोघरची दारं धडाधड लागली. मग काही वेळानं दुसरी हाक आली, आणखी बारीक. "येसू गो..."

मग सगळं गाव कान देऊन बसलं. कुत्रीसुद्धा भुंकेनात. तिसरी हाक काही आलीच नाही.

"खालचीच ती," शेजारची बायोआत्या कुडापलीकडून म्हणाली. "दार लाव, येसू. कडी घाल."

येसूनं कडी घातली. खोटं कशाला सांगू? घातली. दाराला पाठ लावून बसली. पण बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, हाक मारायला श्वास लागतो. आईच्या अंगात तिसऱ्या हाकेपुरता श्वासच उरला नसला तर?

तिनं दार किलकिलं करून विचारलं, "तांडेलबाबा, भरती कधी?"

"लागलीच आता," धाकू तांडेल आपल्या घरातून म्हणाला. "पण पोरी, नेम म्हणजे नेम."

भरती म्हणजे आई रुतली असेल तिथं पाणी येणार. आता येसूनं काय केलं असेल? धावत सुटली? छे! धावत सुटली असती तर गोष्ट इथंच संपली असती, आणि तुमची झोप उडाली असती. तिनं घराचं दारच खाचेतून उचललं आणि काढलं. होय, अख्खं फळ्यांचं दार. रुतलेल्या माणसाजवळ पायांनी जायचं नसतं, फळीवर पालथं पडून सरकत जायचं असतं, हे तिथल्या शेंबड्या पोराला माहीत. दाराला दोरी बांधली, दोरी कमरेला बांधली, हातात लांब काठी घेतली.

बायोआत्या किंचाळली, "सटवे, दार काय काढतेस! खालची घरात शिरेल!"

"शिरू दे. पेज आहे, खाईल," येसू म्हणाली, आणि म्हणताना रडत होती. "आत्या, माझं एक काम कर. परात घे आणि वाजवत बस. थांबू नको. मला हाक मारू नको. हाकेवर मी येणार नाही, परातीवर येईन."

मग येसू धुक्यात शिरली. मागं परात वाजायला लागली, ठण, ठण, ठण. जिथं कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं दिसत तिथं चिखल घट्ट. जिथं बिळं नाहीत, गुळगुळीत चकाकतंय, तिथं आधी काठी, मग पाय. तशी ती, त्या दोन हाका जिकडून आल्या होत्या तिकडं, दार ओढत निघाली.

थोडं पुढं गेली आणि अगदी कानाशी बायोआत्या बोलली. "येसू, माघारी फिर. तुझ्या मागं कुणीतरी चालतंय."

येसूला मागं बघायचं धाडस होईना. मग तिनं ऐकलं. परात वाजत होती, दूर, काठावर. आत्या तिथं बसून परात वाजवतेय, मग माझ्या कानाशी कशी? येसूनं काठी पुढं टोचली. घट्ट लागलं. ती पुढं गेली. मागं कुणीतरी चालत होतं, हे मात्र खरं. पचक, पचक. तिनं पाऊल उचललं की ते उचलायचं, ती थांबली की थांबायचं.

मग डावीकडून आईचा आवाज आला. "येसू गो, इकडं." येसू गप्प. "येसू गो, इकडं." येसूनं ओठ दाबून धरले. आणि मग आली, पोरांनो, तिसरी हाक. स्वच्छ, गोड. "येसू गो, इकडं ये, माझी बाय."

आता नेमाप्रमाणं ओ द्यायची. येसूचं तोंड उघडलंसुद्धा. पण तिची नजर खाली गेली. डावीकडं एकही बीळ नव्हतं. तिनं काठी टेकवली. काठी गेली. गेली, गेली, तिचा हात चिखलाला टेकला तरी तळ लागेना. आणि खालून कुणीतरी काठी हळूच ओढली. मूल आईचा पदर ओढतं ना, तशी.

येसूनं काठी सोडून दिली. काठी आत गेली, साधा बुडबुडासुद्धा आला नाही.

जवळ ये गं मने. पाय पांघरुणात घे. हं.

आता काठी नाही. मग येसू दारावर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी चिखल मागं सारत सरकायला लागली. चिखलावरून पाणी पसरायला लागलं होतं. भरती आली होती. तेवढ्यात समोर काहीतरी दिसलं. कमरेपासून वर बाई, कमरेखाली काहीच नाही. सगळं अंग काळं, केस तोंडावर. बोलेना, हलेना.

येसूचे हात थांबले. हीच ती. हीच खालची. पळ. तिला आतून नुसतं पळ, पळ, असंच ऐकू येत होतं. आणि मागून तो गोड आवाज म्हणाला, "तीच आहे बाळा तुझी आई. ऊठ. उभी राहा. धावत जा."

तेव्हा त्या काळ्या बाईनं एक हात कसाबसा वर केला. बोलावायला नाही. तळवा पुढं करून, थांब म्हणायला. आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "येऊ नको गो... रुतशील."

येसूला हुंदकाच फुटला. ये म्हणणारी खालची असेल. स्वतः बुडत असताना येऊ नको म्हणणारं जगात एकच माणूस असतं, नाही का?

"आये, मी येतच नाही," ती म्हणाली. "दार येतंय."

तिनं दार सावकाश आईच्या छातीपर्यंत सरकवलं. आईनं त्यावर अंग टाकलं. हिसका मारला नाही, ओढाताण केली नाही. पाणी चिखलात शिरलं तसा चिखल सैल झाला, आणि एक पाय सुटला, मग दुसरा. मग भरतीनंच दार उचललं. दोघी मायलेकी त्यावर पडून हातांनी पाणी मारत निघाल्या. मागून किती तरी आवाजांनी किती तरी हाका मारल्या. दोघींनी ओ दिली नाही. त्या परातीकडं जात राहिल्या.

काठावर बायोआत्या डोळे गच्च मिटून परात बडवत बसली होती. दोघी तिच्या पुढ्यात उभ्या राहिल्या तरी बडवतच होती. शेवटी रखमानं तिचा हात धरला, तेव्हा थांबली, आणि भोकाड पसरून रडली.

रखमानं लेकीचं तोंड पदरानं पुसलं. विचारलं, "तुला भीती नाही गो वाटली?"

"लई वाटली," येसू म्हणाली. "अजून वाटतेय."

खरंच, ती काही शूरबिर झाली नाही. पुढंही ढग गडगडले की उतरंडीमागंच बसायची. त्या गावात अजूनही पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. पण हाक ऐकून कुणी घरातही बसत नाही. कुणी परात घेतं, कुणी काठी घेतं, कुणी दार काढतं, आणि जाऊन बघतात. भीती डोळे मिटायला लावते, पोरांनो. शहाणपण डोळे उघडून पाय टाकायला लावतं. दोन्हींचा आवाज सारखाच वाटतो, म्हणून जरा नीट ऐकावं.

मग दर्यावरचे बाप्ये घरी आले, सगळे सुखानं नांदले, तसे तुम्हीही नांदा. दुधावर मी पाटा ठेवलाय. मांजराला मी भिते का? मुळीच नाही. पण ठेवलाय. निजा आता.