सटवाजीची होडी आणि तीन हौद

नदीकाठच्या एका गावात एक भोळा नावाडी होता. त्याचं नाव सटवाजी. हौशी लोकांना सहलीला न्यायला त्याच्याकडे एक होडी होती. रंगीत छताची, झालरी लावलेली. होडी सुरेख होती. सटवाजीही वाईट नव्हता. फक्त एकदा ऐकलेलं तो कधी विसरायचा नाही. तिथंच घोळ व्हायचा.

त्याचं लग्न ठरलं मामाच्या सगुणेशी. मामाचं गाव नदीच्या वरच्या अंगाला. मामाने एकच अट घातली.

"तुझ्याच होडीतून आम्हाला लग्नाला घेऊन चल. गोरज मुहूर्त गाठलास तर पोरगी तुझी. चुकलास तर तिला आल्या पावली परत नेईन. ज्याला होडी हाकता येत नाही, तो संसार काय हाकणार?"

"बरं मामा," सटवाजी म्हणाला.

लग्नाच्या दिवशी मामा, मामी आणि सगुणा होडीत बसले. वाटेत नदीला तीन मोठे उतार होते. प्रत्येक उतारावर एक दगडी हौद, हौदाला पुढे-मागे दोन दरवाजे. होडी हौदात घ्यायची. मागचा दरवाजा लावायचा. दरवाजेवाला हौदातलं पाणी हळूहळू खाली सोडणार, पाण्याबरोबर होडी उतरणार, मग पुढचा दरवाजा उघडणार. इतकं सोपं.

पहिला हौद आला. सटवाजीने होडी आत घेतली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. दोर पायाशी तसाच. पाणी उतरू लागलं तशी होडी गरगर फिरली, भिंतीवर आपटली आणि मामीची रुखवताची पाटी पाण्यात गेली.

"अगं बाई, माझे लाडू!"

"अरे येड्या," मामा ओरडला, "हौदात शिरलं की दोर काठावरच्या खुंट्याला घट्ट बांधायचा!"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

दुसरा हौद आला. सटवाजीने दोर खुंट्याला बांधला. एक नाही, सात गाठी मारल्या. पाणी उतरलं. होडी उतरली नाही. ती भिंतीला लटकली. मामा घसरून मामीवर, मामी घसरून सगुणेवर. सगुणा सगळ्यांच्या खाली, तोंडात पदर कोंबून हसत होती. शेवटी दरवाजेवाल्याने कोयत्याने दोर तोडला. होडी धपकन पाण्यात.

"अरे गाढवा," मामा बोंबलला, "पाणी उतरायला लागलं की गाठ सोडायची! आपल्या हाताने सोडायची आणि तिला सावकाश जाऊ द्यायचं!"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

तिसऱ्या हौदात सटवाजीने गाठ बरोबर बांधली, बरोबर सोडली. मामाला जरा बरं वाटलं. पण ऊन कलत आलं होतं आणि सटवाजीला घाई झाली. पाणी अर्धंच उतरलं होतं, तरी त्याने पुढच्या दरवाजाला बांबू लावून रेटा दिला. दरवाजा हलला नाही. बांबू वाकला, सटकला आणि मामाचा फेटा घेऊन नदीत गेला.

"अरे, दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्याशिवाय मधला आडोसा दूर करायचा नाही!" मामा उघड्या डोक्याने ओरडला. "ब्रह्मदेव सांगायला आला तरी नाही!"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

होडी मांडवाशी पोचली तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांवर होता. घाईघाईने सगळे उभे राहिले. मध्ये अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. भटजी म्हणाले, "सावधान!" आणि अंतरपाट ओढणार, तोच सटवाजीने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"थांबा! तिकडं पाणी जास्त आहे."

पलीकडे सगुणा मुसमुसत होती. नवरीच ती, रडणारच.

"अरे, सूर्य बुडतोय!" मामा किंचाळला.

"ब्रह्मदेव आला तरी नाही, मामा."

सटवाजीने रडून पाहिलं. जमेना. त्याने समोरचा कलश उचलून डोक्यावर ओतला. "पुरत नाही. घागर आणा!" घागर आली, तीही ओतली. सगळं वऱ्हाड हसून हसून रडायला लागलं. सटवाजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"आता सारखं झालं. उघडा."

अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, आणि मग सूर्य बुडाला. भटजींनी सटवाजीच्या ओल्या उपरण्याला सगुणेच्या शालूची गाठ मारली. मामाने सुस्कारा सोडला. "गाठलास रे बाबा मुहूर्त!"

सगुणेने डोळे पुसले आणि ती हसली. सटवाजी निरखून पाहत होता. पाणी उतरलं होतं.

तो खाली वाकला. आपल्या हाताने त्याने गाठ सोडली.

"अरे, हे काय केलंस?" मामाने कपाळावर हात मारला.

"लक्षात ठेवलं, मामा," सटवाजी आनंदाने म्हणाला. मग सगुणेला वाट करून देत तो बाजूला सरकला. "सगुणे, सोडली बघ गाठ. आता सावकाश जा."