मिटलेली मूठ

प्रवरेकाठच्या बोरशेत गावी शांतवनबाबांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. बाबांचं प्रार्थनामंदिर म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पाचट. पण रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे.

त्या मंडळीत रिबकाबाई होती. येशूच्या आठवणीत मंडळी वाटून खाते ती प्रभुभोजनाची भाकर थापावी तर तिनेच. पण बांधाच्या भांडणात शेजारच्या शमुवेलने तिला ढकललं. मनगट मोडलं, हाड वाकडं जुळलं आणि उजव्या हाताची बोटं मिटली ती मिटलीच. भाकर थापणं सुटलं. शमुवेल तालेवार माणूस. ती आपणच पडली, असं सांगत फिरायचा आणि वर चारचौघांत हसायचा, "एवढं देवदेव करतेस, मग त्याला तुझी मूठ उघडता येईना?"

हात गेल्यापेक्षा ते हसणं तिला जास्त लागलं होतं. बाबा म्हणाले, "मुली, शमुवेलचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना कर."

"बाबा, त्याचं नाव जिभेवर येत नाही. ओढूनताणून घेतलं तर ते खोटं होईल."

बाबा रागावले नाहीत. तेच प्रभूला सांग, एवढंच म्हणाले. तेव्हापासून प्रभूच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली, तशी तू आम्हांला कर' ही क्षमेची ओळ जवळ आली की ती हळूच उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसे. देवाशी खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. किती सरळ मनाची बाई!

एका रविवारी ती अशीच बाहेर आली, तो पलीकडच्या विहिरीतून हाक ऐकू आली. जाऊन बघते तर काठ ढासळून शमुवेल पाण्यात पडलेला. त्याला पोहता येत नव्हतं, आणि ज्या दगडाला धरलं होतं तोही सुटत चालला होता. बुडू दे मेल्याला, असं क्षणभर तिच्या मनात आलं. खरंच आलं, लपवायचं कशाला? पण त्याने वर पाहिलं, आणि त्या डोळ्यांतला सगळा तोरा उतरलेला होता. तिला गलबलून आलं. मोटेचा दोर तिने डाव्या हाताने खाली सोडला आणि तोंडातून निघून गेलं, "शमुवेलदादा, घट्ट धर. प्रभू, माझ्या शमुवेलदादाला वाचव."

नाव ओठांतून निघालं आणि मिटलेली बोटं सुटली. दोन्ही हातांनी तिने दोर आवळला, आणि तो धिप्पाड माणूस त्या काटकुळ्या बाईने वर ओढून काढला.

शमुवेल निथळत्या अंगाने थेट मंदिरात आला, मागोमाग रिबकाबाईही आली, आणि तो बाबांच्या पायांवर पडला. म्हणाला, उन्हाने चेहरा दिसला नाही, पण बाईच्या मागून दोर ओढणारे तुमचे हात मी पाहिले. मंडळी थक्क झाली. बाबा तर सारा वेळ त्यांच्यासमोर प्रार्थना चालवत होते.

बाबांनी तळवे पुढे केले. "नीट बघ. हेच होते का?"

शमुवेलने ते तळवे निरखले. "नाही बाबा. त्या तळव्यांना जखमा होत्या. जुन्या, आरपार, खिळे ठोकल्यासारख्या."

बाबांचे डोळे भरून आले. "मग माझ्या पाया पडू नकोस. जिला दुखवलंस तिच्याकडे जा."

शमुवेलने सर्वांसमोर आपला गुन्हा कबूल केला आणि रिबकाबाईच्या पायांवर डोकं टेकलं. तिने उजवा हात त्याच्या ओल्या केसांवर ठेवला. "ऊठ दादा. पुढच्या रविवारी भाकर मी थापणार आहे. पीठ तुझ्या घरचं आण."

मग बाबांनी प्रभूची प्रार्थना पुन्हा सुरू केली. क्षमेची ओळ आली तेव्हा रिबकाबाई आपल्या जागेवरच बसून होती.