वेशीबाहेरचा भात

खडकाळ्यात भानाईच्या देवळामागे एक चौथरा आहे. त्यावर ना मूर्ती, ना शेंदूर. जत्रेची पाहुणेमंडळी फोटोसाठी हमखास त्यावर चढतात आणि विठू गुरव त्यांना दरडावून खाली उतरवतो. खाली खड्डा आहे, म्हणतो. आणि मग गोष्ट सांगितल्याशिवाय काही सोडत नाही.

फार वर्षांपूर्वी म्हाकोजी पाटलाचा धाकटा भाऊ हैबती लढाईवर गेला, तो तीन वर्षं परतला नाही. भाऊ जिवंत आला तर सात गावं जेवू घालीन, असा नवस पाटील भानाईला बोलला. हैबती आला, नुसता हाडांचा सापळा होऊन. पाटलाने शब्द पाळला. पण हौसेला मोल नसतं. निम्मा उरेल इतका भात शिजवला. नवसाचं अन्न वेशीबाहेर गेलं की देवी दिलेलं दान परत नेते, अशी तेव्हा गावात समजूत होती. म्हणून उरलेलं पुरायला देवळामागे खड्डा आधीच खणून ठेवला होता.

साल दुष्काळाचं. वेशीबाहेर पाथरवटांची पालं होती. भाताच्या कढया खड्ड्यात उपड्या होताना त्यांनी पाहिल्या आणि ती माणसं काट्यांचं कुंपण तुडवत आत घुसली. पाटलाचे गडी काठ्या घेऊन तुटून पडले. डोकी फुटली, भात रक्ताने लाल झाला. एका बाईचं मनगट मोडलं, तरी दुसऱ्या हाताने ती ओचा भरतच राहिली. म्हाकोजी मुळात दुष्ट नव्हता म्हणे. एक शीत वेशीपार गेलं की आपला भाऊ गेला, या भीतीने त्याची मती फिरली होती. त्याने फावडं उचललं आणि खड्ड्यात वाकलेल्या पाठींवर घाव घालत सुटला.

त्यातली एक पाठ हैबतीची होती. तो मुंडासं सोडून त्यात भात भरत होता, वरच्यांना देत होता. घाव मानेवर बसला. तो उताणा पडला तेव्हा पाटलाला तोंड दिसलं.

"दादा," हैबती म्हणाला, "मला देवीनं नाही राखलं. परक्या गावच्या एका बाईनं उरलंसुरलं वाढलं, म्हणून घरी आलो."

एवढं बोलून त्याने प्राण सोडला. पाटलाने ऊर बडवून घेतला नाही, असं सांगतात. तो टोपली भरून पालांकडे गेला. त्या रक्ताळलेल्या हातांतून कोणी घेईना. दुपार कलेपर्यंत तो तसाच उभा राहिला. शेवटी मनगट मोडलेल्या बाईने ओचा पुढे केला.

खड्डा मग बुजवला तो कायमचाच. आजही जत्रेची शेवटची पंगत उठायच्या आत उरलेलं अन्न वेशीबाहेर जातं. हल्ली ऊसतोडीच्या टोळ्या असतात, रस्त्याकडेचे ट्रकवाले असतात. पहिली टोपली पाटलांच्या घरातल्या थोरल्याच्या डोक्यावर. तो उपाशी असतो, अनवाणी असतो. समोरचा माणूस "घेतलं" म्हणेपर्यंत तो मान वर करत नाही.