लॅपटॉपची गादी

“मग पंखा काढूनच टाकू का, आक्का?”

प्रद्युम्नने तिसऱ्यांदा विचारलं. मठाच्या ओवरीत त्याच्या लॅपटॉपचा पंखा मोठ्याने घरघरत होता.

आक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. मठात त्यांचा शब्द शेवटचा असे.

“एवढं काय केलंय त्या पंख्याने?”

“सारखा ओरडतो. ओरडून ओरडून लॅपटॉप बंद पडतो. पुन्हा सुरू करावा, तर चार ओळींत तेच. आणि संध्याकाळी राजोपाध्ये त्यांची पोथी परत न्यायला येणार. अजून अकरा पानं टाइप करायची आहेत.”

“थोडा वेळ मागून घे.”

“ते नाही देणार. आणि…”

“आणि?”

“सगळ्यांसमोर म्हणालो होतो, आठ दिवसांत पुरी करतो.”

“हं. पंखा काढलास की पानं होतील?”

“निदान शांतता तरी होईल.”

“इंजिनियर ना रे तू?”



आक्का मांडीवरची टरफलं झटकून उठल्या. लॅपटॉपखाली मखमलीची जाड गादी होती. गादीवर पोथी बांधायचा लाल रुमाल, दुहेरी घडी घातलेला. लॅपटॉप त्यात बोटभर रुतला होता.

“हे कोणी घातलं?”

“मीच.” प्रद्युम्नचा आवाज जरा चढला. “आत ग्रंथ आहे, आक्का. उघड्या फरशीवर कसा ठेवू? एवढं कळतं मला.”

“बरं. शांतिपाठ म्हण.”

“आत्ता?”

“आत्ता.”

त्याने डोळे मिटले. पहिला शब्द तोंडातून निघतो न निघतो, तोच आक्कांनी त्याच्याच उपरण्याची चौघडी करून त्याच्या नाकातोंडावर धरली.

“थांबू नकोस.”

तो म्हणत राहिला. पहिली ओळ नीट गेली. दुसरीत श्वास घुसमटला. तिसरीत शब्द विरले, नुसता फुसफुस आवाज उरला. त्याचा चेहरा लाल झाला.

आक्कांनी हात काढला.

“किती आवाज करतोस!”

तो धापा टाकत त्यांच्याकडे पाहत राहिला… मग त्याने गादीकडे पाहिलं… मग उपरण्याकडे.

त्याने लॅपटॉप उचलला. खालून तो तव्यासारखा तापला होता. फरशीकडे पाहून क्षणभर तो थबकला. मग रुमाल, गादी सगळं पायाने बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघड्या फरशीवर ठेवला.

घरघर चालूच होती. दोघं बसून राहिले. आक्कांनी चार शेंगा सोलल्या.

घरघर उतरली. मग इतकी उतरली की बाहेरच्या पिंपळाची सळसळ ऐकू आली.

प्रद्युम्नने वाकून आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. दोन्ही हातांनी पाय घट्ट धरले. बराच वेळ तो उठला नाही.

“अकरा पानं राहिलीत,” आक्का म्हणाल्या. “ऊठ. मलाही जरा वारा लागू दे.”